लिंक आहे, चहा नाही

मागच्या महिन्यात या सदरात मी सहज लिहून गेले की गणिताचे सेमिनार आता घरबसल्या ऐकता येतात, तर त्यावर इतके मेल आले की संपादक म्हणाले या वेळी फक्त त्याचीच उत्तरं द्या. मी खूश, कारण एरवी मला येणारे प्रश्न म्हणजे "मुलाचं गणित कच्चं आहे, काय करू" याच छापाचे. मी तीसेक वर्षं गणित शिकवलं, आता रिटायर होऊन कोथरूडला असते आणि आठवड्याला दोन तरी टॉक लॅपटॉपवर ऐकते. त्यातले पूर्ण कळतात असे फार थोडे, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर भांडण नको.

"मी एम.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे. सरांनी एका सेमिनारची झूम लिंक ग्रुपवर टाकली म्हणून जॉइन झाले. दहा मिनिटांनंतर एक अक्षर कळलं नाही. बाकीचे पन्नास जण शांतपणे ऐकत होते. शेवटी सगळ्यांनी टाळ्यांचा इमोजी टाकला, मी पण टाकला, आणि मग रडूच आलं. माझी लेव्हल नाहीये का मॅडम?" (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

अगं, ते पन्नास जण ऐकत होते हे तुला कसं कळलं? काळे चौकोन होते ना सगळे? त्यातला एक भाजी निवडत असेल, एक दुसऱ्या टॅबमध्ये पेपर तपासत असेल, आणि एखादी मीसुद्धा असेन, कॅमेरा बंद करून तुझ्यासारखीच हरवलेली.

आमच्या वेळी सेमिनार हॉलमध्ये व्हायचा तेव्हापण हेच व्हायचं, फरक इतकाच की ते दिसायचं. तिसऱ्या रांगेतले एक सर पंधराव्या मिनिटाला डुलक्या घ्यायला लागायचे, शेजारची मैत्रीण वहीत मेंदीची नक्षी काढायची, त्यामुळे आपण एकट्याच ढ नाही हे न बोलता समजायचं. आणि खरा सेमिनार तर नंतर व्हायचा, बाहेर व्हरांड्यात, चहा आणि क्रीमरोलबरोबर. "तुला काय कळलं?" "काही नाही, पण ते दुसरं उदाहरण भारी होतं ना." मग कोणीतरी सीनियर कप हातात धरून दोन वाक्यांत सांगायचा की बाबा, एवढा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय, आणि तासभरात जे कळलं नाही ते त्या दोन वाक्यांत कळायचं. ऑनलाइनमध्ये लिंक मिळते पण चहा नाही मिळत. होस्ट मीटिंग बंद करतो आणि तू एकटी खोलीत स्क्रीनकडे बघत बसतेस. रडू त्याचं आलं, लेव्हलचं नाही.

गणितवाल्यांत एक जुना विनोद आहे, की तासाभराच्या टॉकची पहिली वीस मिनिटं सगळ्यांसाठी असतात, पुढची वीस त्या विषयातल्या लोकांसाठी आणि शेवटची वीस फक्त वक्त्यासाठी, तीही नशीब असेल तर. तुझी दहा मिनिटं कळली म्हणजे तू अर्धा टप्पा मारलास की. शिवाय लिंकवर कलोक्वियम लिहिलंय की सेमिनार ते बघत जा, कलोक्वियम म्हणजे सगळ्या डिपार्टमेंटला झेपेल असं बोलणं अपेक्षित असतं (अपेक्षित, प्रत्यक्षात काय होतं ते सोड), सेमिनार त्या त्या विषयातल्या मंडळींचा असतो, तिथे पहिल्या वर्षाच्या पोरीने हरवणं हे अगदी साहजिक.

आता ऐकायचं कसं. स्टॅनफर्डचे रवी वकील त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगतात की प्रत्येक टॉकमधून तीन गोष्टी वहीत उतरवायच्या. सगळं नाही, तीनच, एखादी व्याख्या, एखादं उदाहरण, एखादा प्रश्न. मी हे या वयात करते. परवा पार्टिशन्सवर एक टॉक होता, म्हणजे एखादी संख्या बेरजेने किती प्रकारांनी फोडता येते ते. ४ घे. ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१, झाले पाच प्रकार. ९ चे होतात ३०, १४ चे १३५. सगळ्यांना पाचने भाग जातो, आणि शेवटी ४ किंवा ९ असलेल्या कुठल्याही संख्येचं हे असंच होतं हे रामानुजननी दाखवलं, एवढं मला माहीत होतं. पण पाचने भाग जातो म्हणजे त्या फोडींचे पाच सारखे ढीग करता यायला हवेत ना? ते करायचे कसे? १९४४ साली फ्रीमन डायसन या तेव्हाच्या तरुण गणितवाल्याने एक युक्ती सुचवली जी आठवीतल्या पोराला जमेल. प्रत्येक फोडीतला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा, त्यातून एकूण तुकडे किती ते वजा करायचे. ४ मधून १ गेला, ३. मग ३+१ मध्ये मोठा ३, तुकडे २, उरला १. पुढे २+२ चं ०. मग २+१+१ चं वजा १, आणि चार एक्क्यांचं वजा ३. आता पाचने भागल्यावरची बाकी बघायची, वजा असेल तर पाच मिळवायचे, म्हणजे वजा १ चे ४ आणि वजा ३ चे २, तर झालं काय, ३, १, ०, ४, २. पाचही बाक्या, प्रत्येकी एकदा! डायसनचा हा अंदाज होता, सिद्ध केला ॲटकिन आणि स्विनर्टन-डायर यांनी १९५४ मध्ये. टॉकची पुढची चाळीस मिनिटं मॉड्युलर फॉर्म्स नावाच्या फार वरच्या गणिताची होती, ती माझ्या डोक्यावरून गेली, पण मी ९ च्या तीस फोडी वहीत लिहून सहा-सहाचे पाच ढीग पडतात का ते बघत बसले, मधे कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या त्या कळल्याच नाहीत, डाळ लागली. ढीग पडतात. तू पण करून बघ, डाळ न लावता.

आणि एक, टॉकच्या आदल्या दिवशी वक्त्याचं नाव आर्काइव्ह नावाच्या साइटवर टाकायचं, १९९१ पासून लोक तिथे पेपर फुकट ठेवतायत. पेपर वाचायचा नाही, नुसती प्रस्तावना, दोन पानं. मग दहाची पंधरा मिनिटं होतात.

"मार्चमध्ये न्यूयॉर्कचा एक टॉक दुपारी १२ चा होता. जानेवारीपासून त्याच सिरीजला मी रात्री साडेदहाला जॉइन होतोय. त्या दिवशी जॉइन झालो तर लोक थँक्यू थँक्यू म्हणून निघून चालले होते. वेळ बदलल्याचा मेल पण नाही. हे काय?" (इंजिनियर, हौसेने गणित, बाणेर)

त्यांनी वेळ बदललीच नाही, त्यांचं घड्याळ बदललं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आपण बिचारे बाराही महिने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे न्यूयॉर्कचे दुपारचे १२ हे हिवाळ्यात आपले रात्रीचे १०:३० आणि उन्हाळ्यात ९:३०. युरोपवाले आणखी वेगळे, ते मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणून मार्चात मधले दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिकेचा टॉक सरकलेला असतो आणि लंडनचा नाही. लंडनचे दुपारचे ४ हे थंडीत आपले ९:३०, उन्हाळ्यात ८:३०, म्हणजे थंडीत निवांत जेवून बसता येतं आणि उन्हाळ्यात ताट घेऊन बसावं लागतं. जपान बरं, त्यांच्यात ही भानगड नाही, टोकियोचे दुपारचे ३ म्हणजे आपले सकाळचे ११:३०, कायम.

हिशेब करत बसू नका, रीसर्चसेमिनार्स डॉट ऑर्ग म्हणून साइट आहे, २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात एमआयटीच्या लोकांनी पुढाकार घेऊन सुरू केलेली, तिथे जगभरचे टॉक विषयवार लागतात आणि वेळ आपल्या घड्याळात दाखवता येते. एक अडचण मात्र ती साइट सोडवत नाही. २०२० पासून नंबर थिअरी (म्हणजे संख्यांच्या गुणधर्मांचं गणित) वेब सेमिनार नावाची एक फार छान सिरीज चालते, आणि तिचा वार आहे गुरुवार. आता पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, लाइट तरी जाते नाहीतर पाणी तरी. मोबाइलचा हॉटस्पॉट आणि चार्ज केलेला लॅपटॉप, एवढी तयारी ठेवून बसायचं.

"जुन्नर तालुक्यातल्या कॉलेजात गणित शिकवतो. आमच्याकडे सेमिनार वगैरे काही नाही, गणिताचे आम्ही दोघंच. बाहेरच्या माणसाला असल्या टॉकला बसू देतात का? आणि सर्टिफिकेट मिळतं का?" (प्राध्यापक)

बसू देतात, सर. बहुतेक सिरीज खुल्या असतात, काहींना नुसती नोंदणी लागते, काहींना आयोजकांना दोन ओळींचा मेल टाकावा लागतो की मी अमुक कॉलेजचा, टॉक ऐकायची इच्छा आहे. नाव खरं टाका. २०२० मध्ये भलतेच लोक घुसून धिंगाणा घालून गेले होते, तेव्हापासून "रेडमी नोट" नावाच्या माणसाला वेटिंग रूममधून कोणी आत घेत नाही.

सर्टिफिकेट मिळत नाही. खऱ्या रिसर्च सेमिनारला कोणीच देत नाही आणि मला ते आवडतं. लॉकडाऊनमधले वेबिनार आठवतात ना, एक तास भाषण, शेवटच्या पाच मिनिटांत फीडबॅक फॉर्मची लिंक, आणि ती लिंक पडेपर्यंत तीनशे लोक थांबलेले, पडली की अर्ध्या मिनिटात तीस. माझ्याकडे त्या वर्षाची रंगीत ई-सर्टिफिकेटं पडून आहेत, एकाही टॉकचा विषय आठवत नाही. पण तुमची अडचण मला समजते, प्रमोशनच्या फाइलला कागद लागतो, त्यावर नाक मुरडून भागत नाही. तर कागद हवा असेल तर एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन, कोर्स करा, त्याची परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते म्हणून त्या कागदाला वजन आहे. नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्स म्हणजे टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबईचं एकत्र केंद्र, ते खास शिक्षकांसाठी वर्कशॉप घेतात, तिकडे अर्ज टाका, आठवडा-पंधरा दिवस दुसऱ्या गणितवाल्यांबरोबर जेवायला-बसायला मिळतं हे तुम्हाला सर्टिफिकेटपेक्षा जास्त लागणार आहे. विद्यार्थी चांगले असतील तर त्यांना एमटीटीएस म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्चबद्दल सांगा, १९९३ पासून चाललाय हा कार्यक्रम, उन्हाळ्यात चार आठवडे पोरांना नुसता विचार करायला लावतात.

आणि एक आगाऊ सल्ला, तुमच्याकडे तुम्ही दोघं आहात ना? मग एकट्याने घरी ऐकू नका. बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन केंद्राची लेक्चर्स यूट्यूबवर आहेत, स्टाफरूममध्ये प्रोजेक्टरला लावा, दोघांनी बसा, दर दहा मिनिटांनी पॉज करा आणि भांडा. लाइव्हपेक्षा रेकॉर्डिंगचा हाच फायदा, वक्त्याला थांबवता येतं.

"पीएच.डी.चं तिसरं वर्ष. पुढच्या आठवड्यात आयुष्यातला पहिला टॉक, तोही ऑनलाइन. स्लाइड्स करू की लिहून दाखवू? टॅबलेट नाहीये. घाबरलेय." (संशोधक विद्यार्थिनी, औंध)

लिहून दाखव. स्लाइडवर पूर्ण सिद्धता एका क्लिकमध्ये येते आणि ऐकणारा तिथेच मरतो. हाताने लिहिताना तुझा वेग आपोआप माणसाच्या वेगावर येतो. आमचे लोक खडूसाठी वेडे असतात ते उगाच नाही, हागोरोमो नावाच्या जपानी खडूची कंपनी २०१५ मध्ये बंद होणार म्हटल्यावर जगभरच्या गणितज्ञांनी पेट्या भरभरून साठवल्या होत्या.

टॅबलेट नसला तरी चालतं. मी अजून असंच करते, टेबलाच्या कडेला जाड पुस्तकांची चळत, वरती स्टीलची पट्टी आडवी पुढे काढलेली, तिच्यावर मोबाइल पालथा, कॅमेरा खाली कागदाकडे, आणि पट्टीच्या मागच्या टोकावर वजन म्हणून डाळीचा डबा. (हो, डाळीचं आणि माझं काहीतरी आहे.) मोबाइल वेगळ्या नावाने मीटिंगला जोडायचा आणि त्याचा आवाज पूर्ण बंद, नाहीतर असा घुमतो की विचारू नको. दिवा डावीकडून लाव म्हणजे हाताची सावली लिहिलेल्यावर पडत नाही, डावखुरी असशील तर उलट. जाड स्केचपेन, कोरे कागद, एका कागदावर सात-आठ ओळींच्या वर नाही, आणि भरलेला कागद लगेच काढायचा नाही, बाजूला दिसेल असा सरकवायचा, फळा पुसायच्या आधी आपण विचारतो ना "झालं का लिहून?", तसं.

मीटिंग कोणाच्या अकाउंटवर आहे ते विचारून घे. फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांची मर्यादा असते, मुख्य प्रमेयाच्या तोंडावर सगळे एकदम बाहेर फेकले जातात आणि परत निम्मेच येतात. माझ्या एका विद्यार्थ्याचं असं झालंय, गुगल मीट साठ मिनिटं देतं पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

भीतीवर एकच उपाय मला माहीत आहे. एका मैत्रिणीला आधीच सांगून ठेव की तू कॅमेरा चालू ठेव आणि मला कळेनासं झालं की कपाळाला हात लाव. ऑनलाइन बोलणं म्हणजे विहिरीत बोलण्यासारखं, एक चेहरा दिसला की खूप फरक पडतो. आणि "एनी क्वेश्चन्स?" विचारल्यावर दहा सेकंद थांबायचं, मनात मोजून. लोकांना अनम्यूटचं बटण सापडायला तेवढा वेळ लागतो गं.

"मुलगा नववीत, गणिताचं वेड. दिवसभर यूट्यूबवर मोठमोठ्या प्रोफेसरांची लेक्चर्स बघतो, कळत नसणारच. थांबवू का?" (आई, धायरी)

थांबवू नका, पण घराबाहेर पण काढा. पुण्यात राहून फक्त यूट्यूब म्हणजे चितळ्यांच्या शेजारी राहून पॅकेटबंद श्रीखंड मागवण्यासारखं आहे. आयुकात, म्हणजे विद्यापीठातल्या खगोलशास्त्राच्या केंद्रात, शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं असतात, विज्ञानाची असतात, पण गणिताचं वेड असलेल्याला तिथे चालतं. गणितज्ञ डॉ. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, एरंडवण्यात आहे, तिथे ऑलिंपियाडच्या तयारीचे वर्ग असतात, चौकशी करा. मुख्य म्हणजे त्याच्याएवढी चार वेडी पोरं त्याला तिथे भेटतील.

"करोना संपला. हॉल आहेत, फळे आहेत, वक्ते गावात आहेत. तरी डिपार्टमेंटं ऑनलाइनचं खूळ सोडत नाहीत. आम्ही पावसात सायकल मारत व्याख्यानाला जायचो. हा आळस नाही तर काय?" (निवृत्त, सदाशिव पेठ)

काका, वक्ता गावातला असेल तर अगदी मान्य, पाषाणचा माणूस शेजारच्या गणेशखिंडीच्या लोकांना झूमवर भेटतो तेव्हा मलापण राग येतो. पण सगळ्याला आळस नका म्हणू. २०१० मध्ये हैदराबादला गणितज्ञांची जागतिक काँग्रेस झाली, भारतात पहिल्यांदाच, मी गेले होते, रजा काढून, तिकीट काढून. पुढे २०२२ ची काँग्रेस सेंट पीटर्सबर्गला व्हायची होती, रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ती ऑनलाइन करावी लागली, नोंदणी फुकट. त्या वर्षी युक्रेनच्या मरीना वियाझोव्स्का यांना फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातलं नोबेल समजा, मिळालं, मरियम मिर्झाखानीनंतरची दुसरीच बाई. आठ मितींत गोळे जास्तीत जास्त दाटीने कसे रचायचे हे त्यांनी सोडवलंय. ते मी कोथरूडमध्ये खुर्चीवर पाय घेऊन बघितलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, सायकल सोडा जिनासुद्धा उतरता येत नव्हता. तुम्ही याल का, पुढच्या वेळी कलोक्वियम प्रत्यक्ष असेल तर तुम्हाला कळवते. चारला असतो, चहा साडेतीनला.

"बी.एस्सी. करून बँकेत लागले, पण गुरुवारचा नंबर थिअरीचा टॉक चुकवत नाही. पाऊण कळत नाही. ज्याच्याशी बोलावं असं कोणी नाही, नवरा म्हणतो मालिका बघ त्यापेक्षा. प्रश्न असा काही नाही, फक्त सांगायचं होतं." (वारजे)

प्रश्न नाही म्हणता पण उत्तर माझ्याकडे आहे. कर्वेनगर ते वारजे किती, दहा मिनिटं? वरची पहिली मुलगी आणि तुम्ही, दोघींची हरकत नसेल तर संपादक एकमेकींचा मेल आयडी देतील, दोघींनी होकार कळवा. टॉक आपापल्या घरी ऐका, आणि शुक्रवारी संध्याकाळी मधल्या एखाद्या अमृततुल्यमध्ये वह्या घेऊन भेटा. तिने ९ चे पाच ढीग केलेत का ते आधी तपासा. केले असतील तर १४ चे तुम्ही करा, १३५ फोडी आहेत, सत्तावीस-सत्तावीसचे ढीग पडायला हवेत, आणि हे एका कपात होणार नाही.